करोडगिरीतली घागरींची रांग

बोरगंज, ता. उदगीर, जि. लातूर
(कृपा करून आता तरी उस्मानाबाद लिहू नका. मागचं तुमचं पत्र उस्मानाबादेत हिंडून आलं आणि शिक्क्यांनी इतकं भरलं होतं की पोस्टमनने ते मला कौतुकाने उलटसुलट करून दाखवलं.)
वैशाख शुद्ध अष्टमी

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी वीरण्णाचे आणि घरातल्या लहानथोरांचे शरणार्थ पोचावेत.

अक्काचा गुडघा कसा आहे? पत्राच्या सुरुवातीला तिने लिहिलं होतं की निर्गुडीच्या पाल्याने उतार पडला, आणि शेवटी लिहिलं होतं की उंबरा ओलांडवत नाही. दोन्हीतलं कोणतं खरं धरायचं ते कळवा. तुमचा खोकला गेला असेल. नसेल तर तंबाखू सोडा, असं नीलम्माचं म्हणणं आहे (माझं नाही, माझा गाल आत्ता भरलेला आहे). इकडे सर्व क्षेम, म्हणजे पाणी सोडून सर्व. एका बादलीत आमची घरभराची आंघोळ होते, उरलेल्यात कपडे, आणि ते पाणी मग परसातल्या बेलाला. बेलाच्या पानाला साबणाचा वास यायला लागलाय. मी तीच पानं रोज महादेवाला वाहतो, त्याने अजून तक्रार केलेली नाही.

पाडव्याच्या सुमारास तुमचं पत्र आलं, की वजिराबादेतलं तुमच्या शेजारचं दुकान रिकामं होतंय, मालक तुमच्या शब्दातला आहे, तेव्हा वीरण्णा, त्या मेलेल्या पेठेत भांडी पुसत बसण्यापेक्षा बायकोमुलांना घेऊन नांदेडला ये. तुम्ही हे आपुलकीने लिहिलंत, मला ते कळतं. उत्तराला उशीर झाला याचा राग मानू नका. उत्तर मी याच पत्रात देणार आहे, पण शेवटी देणार आहे, कारण मधे जे घडलंय ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही. चार दिवस झाले, मला नीट जेवण जात नाही. आजार नाही, आनंद आहे. तो बाहेर कसा काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून शेवटी कागद घेतला.

तुम्ही पेठेला मेलेली म्हणालात तेव्हा मला झोंबलं, पण खोटं तरी काय होतं? लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. जिल्हा जवळ आला म्हणजे सगळंच जवळ येणार, असं आम्हाला वाटलं होतं. आलंही, पण ते सगळं उदगीर रस्त्याला आलं. तिथे नवा स्टँड झाला, स्टँडपुढे नवी दुकानं झाली, बँक तिकडे गेली, पोस्टाने तिकडे खिडकी उघडली, आणि सरकारी हॉटेल नसलं तरी ‘हॉटेल सरकार’ तिकडे निघालं. जुन्या पेठेत उरलो कोण? भांड्यांचा मी, किराणावाला मलप्पा, शिंपी सिद्धेश्वर आणि बांगड्यांची केवळाबाई. आमची बोहणीची जुनी रीत तुम्हाला आठवत असेल. आपली बोहणी झालेली असली आणि शेजाऱ्याची नसली, तर पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवायचं. यंदाच्या उन्हाळ्यात एकच गिऱ्हाईक चारही दुकानांतून फिरून येई. गेल्या महिन्यात गुडसूरचा एक म्हातारा रस्ता विचारायला म्हणून आला आणि आमच्या या चांगुलपणापायी एक तांब्या, पाव किलो गूळ आणि बांगड्यांचा जोड घेऊन गेला. त्याच्या घरी बांगड्या घालणारं कुणी नव्हतं, हे नंतर कळलं.

आणि या सगळ्याच्या मधोमध, माझ्या दुकानाच्या अगदी तोंडासमोर, करोडगिरी. तुम्ही ती विसरणं शक्य नाही, कारण तुमच्या लग्नात जानवसा तिथेच होता. निजामाच्या काळात बैलगाडीने येणाऱ्या मालावर जिथे जकात घेत ती ही काळ्या दगडाची इमारत, पाच कमानींची, वर सागवानी माळवद. तिसऱ्या कमानीखाली तुम्ही मुंडावळ्या बांधून बसला होता आणि वरून कबुतराने तुमच्या फेट्यावर पहिला आहेर केला होता. (अक्काने तो फेटा पुढे अनेक वर्षं धुतलेला नव्हता, असं आई सांगायची. आईचं सगळंच खरं नसायचं.) पोलीस ॲक्शननंतर तिथे रेशनचं गोदाम झालं, मग शाळा, मग मतदानाची खोली, आणि हल्ली शेळ्या. पण दाजी, दगड अजून तसाच आहे. भर वैशाखात बाहेर पाय ठेववत नाही तेव्हा त्या कमानीखाली अंगावर पंचा घ्यावासा वाटतो, असला गारवा.

तर ती करोडगिरी पाडायची, असा ठराव आमच्या नगरपालिकेने केला. आमचे अध्यक्ष ईश्वरप्पा तुम्हाला ठाऊक आहेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक जुन्या वस्तूच्या जागी संकुल दिसतं. करोडगिरीच्या जागी दोन मजली व्यापारी संकुल करायचं आणि त्याला नाव द्यायचं, असं ठरलं. (नाव कुणाचं ते अजून ठरलं नाही, असं ते लाजत लाजत सांगत.) पेठेत आहेत त्या दुकानांना गिऱ्हाईक नाही, तिथे नवीन गाळे करून काय कबुतरं बसवायची, असं मी सभेत विचारलं, तर लोक हसले आणि अध्यक्षही हसले. त्या रात्री नीलम्माने नांदेडला जायची बांधाबांध सुरू केली. सगळ्यात आधी तिने तिची देगलूरची तांब्याची घागर गोधडीत गुंडाळून ठेवली. माहेरून आणलेली, कुणाचा हात लागू देत नाही ती. मला म्हणाली, “पेठ गेली तर तुमी काय कमानीचे दगुड विकनार का?” मला रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून आम्ही ‘जुनी पेठ बचाव समिती’ काढली. अध्यक्ष मी, कारण माझ्या दुकानात बसायला गादी आहे. चिटणीस मलप्पा, कारण त्याला प्रत्येक गोष्टीवर तोडगा सुचतो आणि तो तोडगा आधी दुसऱ्याला करायला लावायचा असतो. सिद्धेश्वरने फलक शिवला. केवळाबाईने कामात भाग घेतला नाही, पण वेळोवेळी आम्हाला नावं ठेवून समितीत चैतन्य राखलं. आम्ही लातूरला अर्ज केला की करोडगिरी पाडू नका, डागडुजी करा, तिथे वाचनालय करा, आठवडी बाजार परत पेठेत आणा. जिल्हा नवा, साहेब नवे, त्यांना कामाची हौस होती. चक्क उत्तर आलं! नगररचनेचे एक साहेब येऊन पाहणी करतील, आणि पेठ ‘जिवंत’ आहे असं त्यांना आढळलं तर विचार होईल.

मलप्पा म्हणाला, “जिवंत दावायचीच हाय ना? दावू की.” पण दाखवायची कशी? माणसं आणायची कुठून? सनईवाला बोलावला असता तर लग्न समजून लोक जेवायला आले असते, आणि जेवायला घालायला पाणी नाही. अखेर मलप्पाला तोडगा सुचला. त्याचं म्हणणं असं: यंदाच्या उन्हाळ्यात बोरगंजात माणूस जिकडे धावतं अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे पाण्याचा टँकर. टँकर थांबतो स्टँडवर. साहेब येणार त्या दिवशी तेवढा तो करोडगिरीसमोर आणायचा. टँकरवाला पंढरी मलप्पाकडूनच विड्या नेतो. झालं.

पाहणीच्या दिवशी आम्ही नवी धोतरं नेसून रांगेत उभे होतो. साहेबांची जीप नाक्यावर दिसली आणि दुसऱ्या अंगाने पंढरीने टँकर आत घातला. त्यानंतरचं वर्णन मला जमणार नाही, पण प्रयत्न करतो. बोरगंजात एवढी माणसं राहतात हे मला त्या दिवशी समजलं. घागरी, हंडे, डबे, कळश्या, एकीने तर पाळणा रिकामा करून आणला होता. साहेबांची जीप गर्दीत रुतली. साहेब उतरले, त्यांचा एक बूट गेला. एका बाईने त्यांच्या हातात भरलेली कळशी दिली आणि “जरा धरा हो दादा” म्हणून ती निघून गेली. साहेब ती कळशी घेऊन उन्हात कितीतरी वेळ उभे होते. शेवटी आम्ही त्यांना गादीवर आणून बसवलं, सरबत दिलं. त्यांनी घाम पुसला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “वीरण्णा, इतकी जिवंत पेठ मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिली नाही!”

मलप्पाने मला कोपराने ढोसलं. सिद्धेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि साहेबांनी वाक्य पुरं केलं. एवढी रहदारी, एवढा अरुंद रस्ता, आणि मधोमध ही इमारत म्हणजे शुद्ध अडथळा. ती ताबडतोब काढा म्हणजे पेठ मोकळी होईल. ईश्वरप्पांचा ठराव अगदी योग्य आहे. हे त्यांनी आमच्याच गादीवर बसून, आमचंच सरबत पिऊन, आमच्याच लेखणीने लिहिलं. केवळाबाई दारातून एवढंच म्हणाली, “लई छान झालं. आता समिती काढा अजून येक.”

आठ-पंधरा दिवस मी तोंड लपवून होतो. पण तेवढ्यात एक गंमत होत होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं. टँकरवर आलेल्या बायांना करोडगिरीची सावली आवडली होती. स्टँडवर उन्हात ताटकळायचं, त्यापेक्षा इथे दगडावर टेकायला मिळतं. भीमनगरातल्या भामाबाईने पंढरीला बजावलं की आता टँकर इथेच थांबेल. (भामाबाई रोजगार हमीच्या कामावर बायांची हजेरी घेते. तिने हाक मारली की माझ्यासारखाही ‘हजर’ म्हणून जातो.) पंढरी घाबरला आणि टँकर कायमचा पेठेत आला. भामाबाईने नियमही घालून दिला. घागरी कमानीखाली रांगेत ठेवायच्या, ज्याची घागर आधी त्याचा नंबर आधी, मग घागर सावकाराघरची असो की भीमनगरातली. आणि दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाही. तिचे शब्द असे: “घागर म्हंजी माणूस. रांगेतल्या माणसाला ढकलता का? मंग घागरीला बी न्हाई.” हा नियम गावात इतका पाळला जातो की शेळ्यासुद्धा घागरींना वळसा घालून जातात. एक बाई रांगेत घागर ठेवून गेली ती बाळंत होऊन आली, तरी तिचा नंबर तसाच होता. (मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.)

पण पाडकामाचा दिवस तर ठरला होता, बसवजयंती झाली की दुसऱ्या दिवशी. आणि नेमका त्याच वेळी पंढरीचा टँकर नळेगावच्या घाटात मोडून पडला. दोन-तीन दिवस पाणी येणार नाही म्हटल्यावर बायांनी घागरी घरी नेल्या, कमानी रिकाम्या झाल्या. दुपारची वेळ. मी दुकानात बसून समोर बघत होतो. सगळा गाव दारं लोटून निजला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि माझ्या मनात आलं, की उद्या तिथे घागरींची रांग असती तर? पाडायला येणारे मजूर इथलेच. घागर ओलांडून कुदळ मारायची त्यांची छाती होईल का?

घागरी तर माझ्याकडे होत्या. गोदामात स्टीलच्या नव्याकोऱ्या घागरींची चळत पडून होती, कारण ईश्वरप्पांनी हिवाळ्यात सामुदायिक विवाह ठरवला होता, त्यासाठी त्या मागवल्या होत्या, आणि पंगतीला पाणी कुठून आणायचं म्हणून तो पुढे ढकलला होता. मी मलप्पाला उठवला. तो उठला, तोडगा ऐकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा तोडगा त्याने मान्य केला. भर उन्हात आम्ही दोघे म्हातारे अनवाणी (चपलांचा आवाज नको म्हणून, तळपायाला आलेले फोड अजून आहेत) गोदामातून कमानीत, कमानीतून गोदामात अशा खेपा घालत होतो. नीलम्मा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मला वाटलं, नवऱ्याचं डोकं उन्हाने फिरलं असं तिने धरलं असेल. पाचही कमानी भरल्या. रांग अशी देखणी झाली की मी थोडा वेळ नुसता बघत उभा राहिलो. संध्याकाळी गाव बसवजयंतीच्या मिरवणुकीला स्टँडकडे गेला, म्हणून ती कुणाच्या नजरेला पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम नरसिंग गडी घेऊन आला, खांद्यावर सब्बल, कुदळी. रांग पाहून थबकला. गड्यांनी कुदळी खाली ठेवल्या आणि विड्या पेटवल्या. नरसिंग म्हणाला, बाया येऊन घागरी नेतील तोवर थांबू. थांबले. आमचा डाव साधला, असं मी मनात म्हणतोय, तोच नरसिंगला उन्हाचा कंटाळा आला. पहिली घागर जराशी बाजूला सरकवावी म्हणून तो वाकला. वाकला तो वाकलाच. घागरीच्या गळ्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचू लागला, आणि दाजी, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय आपल्याकडे आहेर होत नाही. ती नावं मीच छिन्नीने टोचली होती, हिवाळाभर, एकेका घागरीवर, ठळक अक्षरात: ‘नगराध्यक्ष ईश्वरप्पा यांजकडून नववधूस सप्रेम भेट’. आणि भर उन्हात खेपा घालताना माझ्यासारख्या भांडीवाल्याला, ज्याचा जन्म नावं घालण्यात गेला, त्याला हे एकदाही आठवलं नाही!

नरसिंगने दुसरी घागर पाहिली, तिसरी पाहिली. मग त्याने कमरेवर हात ठेवले. “मालक, समद्यांवर अध्यक्षसायबाचं नाव हाय. म्या न्हाई हात लावत.” त्याने गडी धाडून अध्यक्षांना निरोप दिला. मी मलप्पाकडे पाहिलं, तर मलप्पा दुकानाची फळी आतून लावून घेत होता.

ईश्वरप्पा येईपर्यंत आणखी एक घडलं. करोडगिरीत घागरींची रांग लागलीय, हे कुणा एका पोरीने पाहिलं. रांग आहे म्हणजे टँकर येणार! अर्ध्या तासात अख्खं गाव आपापल्या घागरी घेऊन आमच्या खोट्या रांगेच्या मागे खरी रांग लावून उभं. ती रांग केवळाबाईच्या दुकानावरून, मारुतीच्या पारावरून पार तेलीगल्लीत गेली. ईश्वरप्पा मोटारसायकलवरून उतरले तेव्हा रागाने लाल होते. पाच पावलं आले आणि घागरींवरचं स्वतःचं नाव त्यांना दिसू लागलं, एकेका कमानीखाली, उन्हात चकाकत. मग त्यांनी त्या नावांमागे उभ्या असलेल्या बाया पाहिल्या. पालिकेची निवडणूक येत्या हिवाळ्यात आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं. दुकान, अब्रू, नांदेड, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात रांगेतून भामाबाईचा आवाज आला, “तुमीच की हो सायेब! नाव तुमचंच हाय. बायांना सावलीत पाणी मिळावं म्हणून घागरी दिल्या, बरं केलंत. आता पाणी कवा येतंय तेवढं सांगा.”

ईश्वरप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. ते समजले, मी समजलो, आणि ते समजले हे मला समजल्याचं त्यांनाही समजलं. मग ते करोडगिरीच्या पायरीवर चढले आणि त्यांनी भाषण केलं. दुष्काळात आपल्या भगिनींना सावली मिळावी ही आपली कधीपासूनची तळमळ. घागरी आजपासून तुमच्या. आणि जोवर दुष्काळ आहे तोवर या पवित्र वास्तूच्या दगडाला कुणी बोट लावणार नाही. भामाबाई म्हणाली, टाळ्या नंतर, पाणी आधी. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या मळ्यातला ट्रॅक्टर आणि टाकी मागवली. मग मात्र बायांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्याने नरसिंगने वाजवल्या, कारण त्याला त्या दिवशीची मजुरी बसून मिळाली.

दाजी, त्यानंतर आमच्या पेठेत जे सुरू झालंय ते तुम्ही बघायला हवं! पाण्यासाठी दिवसभर बाया बसतात, मग त्यांना चहा लागतो, म्हणून तिसऱ्या कमानीखाली (तुमच्याच!) चुली मांडून चहा निघाला. बसल्या बसल्या बांगड्या भरून होतात; केवळाबाईने परवा स्वतःहून मला साखर आणून दिली. सिद्धेश्वरने मशीन बाहेर काढून कमानीत मांडलं, फाटकं तिथल्या तिथे शिवून देतो. मंगळवारी दोन भाजीवाल्या स्टँड सोडून इकडे बसल्या. ट्रॅक्टरवाल्या गड्यांनी उरलेल्या थेंबभर पाण्याने एक खांब पुसला, तर चुन्याच्या थराखालून दगडात कोरलेली अक्षरं निघाली. उर्दू. आपण दोघं निजामाच्या शाळेत मार खात शिकलो ते अखेर कामाला आलं. गावासमोर मी ते वाचून दाखवलं: ‘हर मुसाफिर यहाँ ठहरे और अपना माल दिखाए.’ म्हणजे, येणाऱ्याने इथे थांबावं आणि माल दाखवावा. लोकांनी पुन्हा वाचायला लावलं, मी पुन्हा वाचलं, आणि मग तिसऱ्यांदाही. संध्याकाळी दुकानात कंदील लावून बसलो की समोर माणसांचा गलबला ऐकू येतो. बापाच्या वेळी ऐकू यायचा, अगदी तसा. मला वाटलं होतं, तो आवाज आता मी मरेपर्यंत ऐकणार नाही.

तेव्हा तुमच्या पत्राचं उत्तर असं, की मी नांदेडला येत नाही. पेठ मेलेली नाही, आणि अशा वेळी तिला सोडून जाणारा वीरण्णा नव्हे! हे मी नीलम्मालाही छातीठोकपणे सांगितलं आहे. तिचं नांदेडला यायचं फार मनात होतं, म्हणून बिचारी काही बोलली नाही. अक्काला तिची समजूत घालणारं एक वेगळं पत्र लिहायला सांगा.

मुलांना आशीर्वाद. फेटा अजून असेल तर जपून ठेवा, करोडगिरीत वाचनालय झालं की एका कोपऱ्यात मांडू.

तुमचा मेहुणा,
वीरण्णा
(अध्यक्ष, जुनी पेठ बचाव समिती)

ता.क. अक्काच्या माळ्यावर जुन्या, पोचे पडलेल्या घागरी असतील तेवढ्या रेल्वेने नव्हे, एसटीने पाठवा. टँकर चुकला की कमानी रिकाम्या दिसतात आणि माझ्याकडच्या सगळ्या नव्या आहेत, लगेच ओळखू येतात. नाव कुणाचं आहे ते मात्र आधी वाचून घ्या.

ता.क. दुसरं. वजिराबादचं दुकान एवढ्यात कुणाला देऊ नका. दसऱ्यापर्यंत तरी मालकाला थोपवून धरा. ईश्वरप्पा ‘जोवर दुष्काळ आहे तोवर’ असं म्हणाले, हे मी वर लिहिलं आहे, तिकडे तुमचं लक्ष गेलं असेल. सगळा गाव पावसासाठी महादेवाला साकडं घालतोय, मीही घालतो, पण साबणाच्या वासाचं बेलपान वाहताना माझा हात अडखळतो. पाऊस आला की घागरी घरी जातील. मग ही माणसं येतील का, दाजी? मला भीती वाटते. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय त्यापेक्षा हे खरं. नीलम्माला यातलं काही कळू देऊ नका.

दाजींना नीलम्माचे शरणार्थ. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडंच दिलं, पाकीट उघडंच होतं. वाचलं. नांदेडचं दुकान दुसऱ्या कुणाला देऊन टाका, आमची वाट बघू नका. हे पावसाला भ्यायलेत. बाया भ्यायल्या न्हाईत. भामाबाई म्हणते, पाणी आलं तरी बसायला जागा लागतेच की. गोधडीतून काढून देगलूरची माझी घागर आज सकाळी मी करोडगिरीत रांगेला लावून आले. आता माझा नंबर लागलाय. उठून कसं यायचं?